लहानपणावर चित्रपुस्तक करायचंय? मग आधी 'आमच्या वेळी' बाजूला ठेवा

मुंबईत वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एका तरी चित्रपुस्तकाचा ऐवज असतो असं मला मनापासून वाटतं. कुणाकडे चाळीची गॅलरी असते, कुणाकडे कोळीवाडा, कुणाकडे रेल्वे क्वार्टर्स, कुणाकडे बोरिवलीची तेव्हा नवीकोरी असलेली बिल्डिंग आणि तिच्या मागचं मोकळं रान. पण लिहायला बसलं की कागदावर उतरतं ते असं, "आम्ही गोट्या खेळायचो, आम्ही गच्चीवर झोपायचो, तेव्हा मोबाइल नव्हते पण काय मजा होती." हे वाचून पन्नाशीची माणसं हळवी होतात आणि सहा वर्षांचं पोर तिसऱ्या पानावर उठून जातं. पुस्तक त्या पोरासाठी आहे. हे एकदा मनाशी पक्कं केलंत की बाकीचं शिकता येतं, लिहिणं पण आणि चित्रं काढणं पण.

आठवण आणि गोष्ट यात फरक इतकाच की गोष्टीत कुणालातरी काहीतरी हवं असतं. त्यामुळे "माझ्या लहानपणी काय काय होतं" याची यादी करू नका, तर "त्या वयात मला काय हवं होतं, कशाची भीती वाटायची, कुठली गोष्ट मोठ्यांना क्षुल्लक वाटायची आणि मला नाही" हे शोधा. वरच्या फळीवरचा लाडवांचा डबा, संध्याकाळनंतर जिन्यात पडणारा अंधार, मोठ्या मुलांनी खेळात कच्चा लिंबू करून घेणं, असं काहीही चालेल. जितकं छोटं तितकं बरं.

शोधायला एक पद्धत सांगते, मला ही सगळ्यात उपयोगी वाटते. मोठ्या कागदावर तुम्ही सहा-सात वर्षांचे असतानाचं घर काढा, सुंदर नाही, नुसता नकाशा. मोरी कुठे, माळा कुठे, सामायिक नळ कुठे, पाळणा कुठे टांगायचे, आजी कुठल्या खिडकीशी बसायची. मग त्यावर खुणा करा, इथे माझा हात पोचायचा, इथे पोचायचा नाही, इथे जायला बंदी, इथे लपायला जागा, इथे वास यायचा, इथे एकटं जायला भीती वाटायची. मग तसाच नकाशा घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा. हे करताना अर्ध्या तासात अशा गोष्टी वर येतात ज्या नुसतं आठवत बसून येत नाहीत, कारण शरीराला जागा आठवते. भाऊ-बहीण असेल तर त्यांनाही वेगळा नकाशा काढायला लावा आणि दोन्ही शेजारी ठेवा, जिथे जुळत नाहीत तिथे हमखास काहीतरी सापडतं.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. लहानपणावरचं पुस्तक म्हणजे चाळ, गोट्या आणि लगोरी असं अजिबात नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शाळेत अडकून बाकांवर झोपलेली मुलं आज पंचवीस-तिशीत आहेत, त्यांचंही लहानपण आता 'पूर्वीचं' झालंय. तुमचं जे होतं तेच घ्या, दुसऱ्याचं गोड लहानपण उसनं आणू नका.

## एक गोष्ट घेऊन बघू

नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाते. माझ्या नकाशावरची पिठाची गिरणी.

आठवण एवढीच की दळण आणायला मला पाठवायचे. यात गोष्ट नाही. मग स्वतःला विचारायचं, त्यात अवघड काय होतं? तर आई निघताना दरवेळी एकच बजावायची, "गव्हावर गहू टाकायला सांग हं, बाजरीवर नको." कारण आधीच्या माणसाची बाजरी दळून झाली असेल तर तिचं थोडं पीठ आपल्या कणकेत येणार. आणि गिरणीत एवढा आवाज की माझा आवाज काकांपर्यंत पोचायचाच नाही. झालं, इथे गोष्ट आहे. एका मुलीला एक निरोप पोचवायचाय आणि तो पोचत नाहीये.

आता हे वाढवू. मुलगी डबा घेऊन निघते, निरोप विसरू नये म्हणून घोकत चाललीये, "गव्हावर गहू, गव्हावर गहू." गॅलरीत शेजारची आजी विचारते, "खंय चाललंस गो?" खाली भाजीवाला ओरडतोय, तिच्या तोंडात येतं "गव्हावर वांगं". देवळापाशी चारा विकणाऱ्या बाईची गाय बांधलेली, "गव्हावर गाय". सिग्नलला बस, "गव्हावर बस". प्रत्येक वेळी ती थांबते, आठवते, दुरुस्त करते. आणि हे मोठ्याने वाचलं ना की मुलं स्वतः ओरडून सांगतात, चुकलं चुकलं, गहू गहू! हा भाग त्यांचा आहे, त्यांच्यासाठी मोकळा ठेवायचा. मग गिरणी येते, आवाज, काका वळतच नाहीत, पुढच्या डब्यातली बाजरी पडतेय आणि नंतर नंबर हिचा. ती ओरडते, काही उपयोग नाही. मग ती फळीवर साचलेल्या पिठात बोटाने लिहिते, "गवावर गहू". जोडाक्षर तिला अजून येत नाही, पण काकांना कळतं.

यात बघा, मुलीने स्वतः मार्ग काढला. आई आली नाही, मोठा दादा आला नाही, काकांनी उपदेश केला नाही. आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी कुणीतरी मोठं माणूस येऊन समजावून सांगतं, ही सवय मोडायलाच हवी. आणि गिरणी आजही मुंबईच्या गल्लीबोळात आहे, त्यामुळे आजच्या मुलाला "पूर्वी असं असायचं बाळांनो" असं सांगावं लागत नाही. ज्या गोष्टीचा एक तरी धागा आजपर्यंत आलाय ती निवडली तर काम सोपं होतं. नसेल आला तरी चालतं, पण मग ती वस्तू चित्रात वापरली जाताना दिसली पाहिजे, तळटीप देऊन समजावायची नाही.

## लिहिताना

आधी सगळं भडाभडा लिहून काढा, हजार शब्द झाले तरी होऊ देत. मग कापायचं. तीन ते सहा वयासाठी एकूण शब्द दोन-अडीचशेच्या आसपास असले तर उत्तम, मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेच्या वाचन-पातळ्यांमध्ये पण अगदी पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंतची धरतात आणि दुसरी ६०० पर्यंतची. कापताना काय जायला पाहिजे तर जे चित्रात दिसणार आहे ते सगळं. "तिने लाल फ्रॉक घातला होता, डबा जड होता, रस्त्यावर गर्दी होती" ही तिन्ही वाक्यं काढून टाका, ती चित्राची कामं आहेत. शब्दांनी ते सांगायचं जे दिसत नाही, म्हणजे आवाज, निरोप, मनातली भीती. आणि कधीकधी शब्द एक म्हणतात आणि चित्र दुसरंच दाखवतं, तिथे मुलांना सगळ्यात जास्त मजा येते. ती म्हणते "मला मुळीच भीती वाटत नाही" आणि चित्रात दोन्ही हातांनी डबा घट्ट धरलाय.

भाषा बोलायची ठेवा. "ती गिरणीकडे मार्गस्थ झाली" असं कुठलंच मूल बोलत नाही. घरात जी मराठी होती ती येऊ दे, मालवणी, आगरी, वऱ्हाडी, जे असेल ते, गिरणगावातली, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या भागातली, निम्मी घरं कोकणातून आलेली, तिथली आजी प्रमाण मराठीत बोलली तर ते खोटं वाटतं. एखादं वाक्य मुलाला पूर्ण कळलं नाही तरी सुरावरून कळतं. फक्त जे मूल नुकतं स्वतः वाचायला लागलंय त्याच्यासाठी लिहीत असाल तर जोडाक्षरं कमी करा. आमच्या उदाहरणात 'गव्हावर' हा शब्दच वारंवार येतो, म्हणजे हे पुस्तक आधी मोठ्यांनी वाचून दाखवायचं पुस्तक आहे, हे लिहिणाऱ्याला माहीत हवं.

मोठ्याने वाचणं तर रोजच करा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य मोडा.

## पानांचं गणित

चित्रपुस्तक पानांत विचार करून लिहावं लागतं. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पानं नेहमी चारच्या पटीत येतात आणि छपाईच्या मोठ्या शीटमुळे १६, २४, ३२ हे आकडे परवडतात. २४ पानांचं धरू. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशनाच्या माहितीचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू होते, मग ४-५, ६-७ असं करत २२-२३ पर्यंत समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या मिळतात, आणि २४ वं एकटं पान शेवटाला. म्हणजे तुमच्याकडे बारा जागा आहेत, बस्स. सगळी गोष्ट त्यात बसवायची.

एका कागदावर या बारा चौकटी अगदी काडेपेटीएवढ्या काढा आणि काड्यांची माणसं काढून गोष्ट मांडा. इथे बघायचं ते पान उलटण्याकडे. उजव्या पानावर प्रश्न पडला पाहिजे आणि उलटल्यावर उत्तर मिळालं पाहिजे. "तिने हाक मारली, काका..." आणि उलटलं की दोन्ही पानं भरून गिरणी, पट्टा फिरतोय, पीठ उडतंय, अक्षर एकही नाही. आवाज दाखवायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आणि पिठात लिहिण्याचा प्रसंग डाव्या पानावर यायला हवा, उजवीकडे आला तर मूल आधीच बघून टाकतं.

मग साधे कोरे कागद घडी घालून, पिना मारून खरोखरचं डमी पुस्तक करा आणि हातात धरून उलटा. स्क्रीनवर बघून हे कळत नाही. मधल्या घडीत कुणाचा चेहरा जातोय का, सलग चार पानं एकाच अंतरावरून काढलीत का, सगळी पात्रं डावीकडून उजवीकडेच चालताहेत का, हे डमीत लगेच दिसतं. डमी न करता थेट रंगायला बसू नका, हा माझा आग्रह आहे.

## चित्रं

"मला चित्रकला येत नाही" म्हणून थांबणारे खूप भेटतात. जेजे कला महाविद्यालयात शिकलेलं असायलाच पाहिजे असं काही नाही. चित्रपुस्तकाला लागतं ते म्हणजे तीच मुलगी बारा वेळा तीच वाटली पाहिजे, आणि तिला काय वाटतंय ते दिसलं पाहिजे. त्यासाठी आधी एका कागदावर तिला सगळीकडून काढा, समोरून, मागून, वाकलेली, पळणारी, रडवेली, कंटाळलेली. तिचं डोकं उंचीच्या किती भाग आहे ते ठरवून टाका, पाच-सहा वर्षांच्या मुलांत डोकं मोठं दिसतं, साधारण पाच-साडेपाच डोक्यांएवढी उंची, मोठ्यांची सातच्या पुढे. एखादी कायमची खूण द्या, एक वेणी सुटलेली किंवा एका चपलेचा अंगठा तुटलेला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नजरेची उंची. आपण आता मोठे झालोय आणि सवयीने मोठ्यांच्या उंचीवरून काढतो, वरून खाली. मुलाची नजर जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असते. तिथून गिरणीचं काउंटर भिंतीसारखं दिसतं, माणसांचे चेहरे कमी आणि पिशव्या, गुडघे, धोतर, साडीच्या निऱ्या जास्त दिसतात. फोन कमरेच्या खाली धरून त्याच रस्त्याचे फोटो काढत चाला, तुम्हाला तुमचाच रस्ता वेगळा दिसेल. पुस्तकातली निम्मी तरी चित्रं या उंचीवरून काढा.

संदर्भ गोळा करताना मन लावून करा, कारण खरेपणा तिथून येतो. गिरगावात खोताची वाडी अजून उभी आहे, लाकडी जिने आणि कठडे बघायला सकाळी लवकर जा, राहणाऱ्यांना विचारून स्केच करा, तिथे लोकांची घरं आहेत हे विसरू नका. बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, त्यामुळे ज्यांचं लहानपण वरळी-नायगावच्या त्या चाळींत गेलंय त्यांनी शक्य तेवढं आत्ताच काढून ठेवा, कॉरिडॉर किती रुंद, दाराला रंग कुठला, घराबाहेर पाण्याचं पिंप कुठे ठेवायचे. घरच्या अल्बममध्ये माणसांच्या मागे काय दिसतंय ते भिंग लावून बघा, कॅलेंडर, स्विचबोर्ड, पडद्याचं डिझाइन, भिंतीला अर्ध्यापर्यंत मारलेला ऑइलपेंट. गिरणीत उभे राहून बघितलं तर दिसेल की पीठ कापडाच्या बाहीतून डब्यात पडतं, काका मधेच लाकडाने ठोकतात, वरच्या बल्बवर आणि कोळिष्टकांवरसुद्धा पीठ चढलेलं असतं, त्यांच्या पापण्या पांढऱ्या असतात. असं काही तुम्ही बसल्या जागी कल्पनेने काढू शकणार नाही.

काळ कुठला ते ठरवा आणि पाळा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ ला, त्यामुळे १९७८ च्या घरात रंगीत टीव्ही दाखवलात तर वाचून दाखवणारे आजोबा तिथेच थांबतील. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. जुन्या डिझेलच्या डबलडेकर आणि पद्मिनी टॅक्सी मात्र २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यामुळे त्या बऱ्याच जणांच्या लहानपणात चालतील. बेस्टच्या बसवर पुढे नंबर देवनागरी आकड्यात असतो हे मुलांना हमखास आवडतं, ती वाचून बघतात. पण लक्षात ठेवा, या वस्तू गोष्टीच्या मागे राहिल्या पाहिजेत. प्रत्येक पानावर एक जुनी वस्तू ठेवलीत तर पुस्तक म्हणजे जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं.

माध्यमाबद्दल फार बोलत नाही, जे हातात बसलंय ते घ्या. जलरंग असतील तर ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद, कॅम्लिनचे आपल्या शाळेतले पोस्टर कलरसुद्धा छपाईत चांगले येतात, डिजिटल करायचं असेल आणि पैसे घालायचे नसतील तर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रंग मोजके ठेवा, चार-पाच. गिरणीच्या पुस्तकात बाहेरचा रस्ता गच्च रंगीत आणि आत गेल्यावर सगळं पांढुरकं, असं ठरवलं की रंगच अर्धी गोष्ट सांगतात. मुंबईच्या पावसाळ्यात जलरंग वाळत नाहीत आणि कागदाला बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर चित्र झालं की लगेच स्कॅन करा आणि मूळ चित्र सपाट फोल्डरमध्ये सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

## लहानपण गोड नसेल तर

यावर कुणी फार बोलत नाही म्हणून जरा थांबते. खूप जणांच्या आठवणीत मारकुटे मास्तर आहेत, दारू आहे, जातीवरून वेगळा ठेवलेला पेला आहे, पैशाची ओढ आहे. हे मुलांच्या पुस्तकात येऊ नये असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुलांना हे सगळं आजूबाजूला दिसतंच, आणि पुस्तकात नसलं की त्यांना वाटतं हे फक्त आपल्याच घरी आहे.

पण ते मुलाच्या नजरेएवढंच ठेवा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. हे मोठ्यांचं वाक्य झालं. सहा वर्षांच्या मुलाला काय दिसलं असेल? बाबा दिवसा घरी आहेत! पहिल्यांदा त्यांनी शाळेत सोडलं, पतंग करून दिला, मुलगा खूश आहे. मग हळूहळू घरातलं एकेक कमी होतंय, दूध, मग रेडिओ, मग आईच्या हातातल्या बांगड्या, आणि हे शब्दांत कुठेच लिहिलेलं नाही, फक्त चित्रात फळी रिकामी होत जाते. मुलं हे बघतात, मोठ्यांच्या आधी बघतात. शेवटी सगळं ठीक झालं असं खोटं दाखवायची गरज नाही, पण मुलाला धरून ठेवणारा एक हात, एक माणूस तरी असू दे.

आणि खरी माणसं वापरताना नावं बदला, चेहरा बदला, दोन माणसांचं एक करा. जिवंत नातेवाइकांवर बेतलेलं असेल तर डमी त्यांना आधी दाखवा.

## मुलांना वाचून दाखवा

रंगकाम सुरू करायच्या आधी डमी घेऊन मुलांसमोर बसा, शक्यतो स्वतःच्या नाही, कारण आपली मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून ऐकतात. सोसायटीतली चार-पाच, बालवाडीतली, वस्तीतल्या वाचनालयातली, आणि जमलं तर वेगवेगळ्या घरातली. हे मी लिहिलंय असं सांगू नका. "आवडलं का" हे विचारूच नका, ती हो म्हणतात. नुसतं बघा, कुठल्या पानावर चुळबुळ सुरू होते, कुठे बोट ठेवतात, कुठे "परत" म्हणतात. वाचून झाल्यावर त्यांनाच गोष्ट सांगायला लावा, जे ते गाळतात ते बहुतेक वेळा गाळण्यासारखंच असतं.

## छपाईसाठी तयार करणं

आकार आधी ठरवा. साडेआठ इंचांचं चौकोनी पान घेतलं तर समोरासमोरची दोन पानं मिळून १७ बाय साडेआठ, म्हणजे ३०० डीपीआयला ५१०० बाय २५५० पिक्सेल, आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा कड, वेगळं, कारण कटिंग थोडं इकडेतिकडे होतंच. मजकूर कडेपासून आणि घडीपासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवा. स्क्रीनवरचे झगझगीत हिरवे-केशरी छपाईत मंदावतात, म्हणून फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, करून एक रंगीत प्रूफ कागदावर काढून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

अक्षरांकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. लहान मुलांसाठी १६-१८ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि दोन ओळींत जागा भरपूर सोडा कारण वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत आणि स्वच्छ दिसतात. ल आणि श मराठी वळणाचे येताहेत का बघा, शाळेत मूल जे गिरवतं तेच पुस्तकात दिसलं पाहिजे, काही फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरला भाषा मराठी सांगितली की ते आपोआप बदलतात. पानं मांडायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर सुरू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. मजकूर शुद्ध काळ्यात ठेवा आणि चित्रात मिसळू नका. पुढे कधी हिंदी किंवा गुजरातीत छापायचं झालं तर फक्त काळ्या शाईची छपाईची प्लेट बदलून काम होतं, चित्रावर पांढरी अक्षरं कोरली असतील तर सगळ्या प्लेटा नव्याने कराव्या लागतात.

आतला कागद १३० ते १७० जीएसएम, कव्हर ३०० च्या आसपास. शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, हजाराच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणारी छपाई, परवडते. लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले प्रेसवाले स्वतः भेटलात तर कागदाचे नमुने हातात देतात, ते हाताळून मगच ठरवा.

## कुठे द्यायचं

मराठीत चित्रपुस्तकं गंभीरपणे करणाऱ्यांत पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन आहे, चेन्नईची तुलिका मराठीतही काढते, नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून आहे, आणि बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, तिथे एखादी गोष्ट किंवा चित्र आधी छापून आलं तर हात सरावतो. पाठवायच्या आधी त्यांची निदान दहा-बारा पुस्तकं वाचनालयात बसून बघा. तुम्ही फक्त लिहीत असाल तर स्वतः चित्रकार शोधून नेऊ नका, ते काम प्रकाशक करतात. दोन्ही करत असाल तर पूर्ण डमी आणि फक्त दोन जोड्या शेवटच्या रंगात करून पाठवा, सगळं रंगवून बसलात तर बदल सांगितल्यावर जीव तुटतो.

स्टोरीवीव्हर हा प्रथम बुक्सचा २०१५ पासूनचा खुला मंच आहे, तिथे स्वतः मराठीत पुस्तक चढवता येतं आणि जगभरात वाचलं जातं. पण तिथलं लायसन्स खुलं आहे, म्हणजे तुमचं श्रेय देऊन कुणीही ते भाषांतर करू शकतं, बदलू शकतं, विकूसुद्धा शकतं. मला स्वतःला ही कल्पना आवडते, एखाद्या गावातल्या शाळेत फुकट पोचतं, तरी माहिती करून घेऊनच चढवा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

कराराचा कागद आला की उत्साहात सही करू नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत, त्यामुळे "कायमचे आणि सर्व माध्यमांचे" असं लिहिलं असेल तर विचारा की बाबा, ऑडिओ, अॅनिमेशन, भाषांतर याचं काय, ते वेगळं लिहून घ्या. रॉयल्टी असेल तर लेखक आणि चित्रकारात कशी वाटणार ते आकड्यात हवं, एकरकमी असेल तर दुसऱ्या आवृत्तीला काय ते हवं. चित्रकाराचं नाव कव्हरवर लेखकाच्या बरोबरीने पाहिजे. आणि मूळ चित्रं छपाईनंतर तुमच्याकडे परत येणार हे एका ओळीत लिहून घ्या, किती दिवसांत तेसुद्धा.